सदतीस नंबरचा प्लॉट

आमच्या वसाहतीत पत्ता विचारायची एकच रीत होती. रुळांकडची ओळ की हायवेकडची ओळ, एवढं विचारायचं आणि मग नंबर. मधून एकच रस्ता. उत्तरेला तो रेल्वे फाटकापाशी सुरू व्हायचा आणि दक्षिणेला पट्टीकाकांच्या दारात संपायचा. एका अंगाला रेल्वेची हद्द, दुसऱ्या अंगाला हायवेचा काँक्रीटचा कठडा, माणसाच्या उंचीचा, कुठेही फट नसलेला. गावात जायचं तर फाटक ओलांडूनच. फाटक पडलेलं असलं की वसाहतीतली सगळी माणसं, सगळी घाई, सगळी भांडणं तिथे रांगेत उभी राहायची.

शर्टाच्या खिशात तीन कडांची स्केलपट्टी असायची म्हणून ते पट्टीकाका. जमिनींची मोजणी करून प्लॉट पाडून देणाऱ्या एका कार्यालयात त्यांनी अख्खी नोकरी नकाशे काढण्यात घालवली. निवृत्त झाले तरी पट्टी खिशातून गेली नाही. कुणी कपाट आणलं, की काका टेम्पोपाशी उभे राहून नुसतं बघत आणि म्हणत, "दारातून जाणार नाही. चार सेंटिमीटर कमी पडतील." आणि चारच कमी पडत.

"मला बघायला आले तेव्हाही हेच," काकू सांगायच्या. "माझ्याकडे कमी आणि दाराच्या चौकटीकडे जास्त बघत होते."

"अगं, चौकट ठेंगणी होती तुमची. जाताना डोकं आपटेल म्हणून बघत होतो."

"आपटलं ना पण शेवटी!"

"तेव्हा तुझ्याकडे बघत होतो."

वसाहतीचा नकाशा काकांच्याच हातचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना विचारलं की ते खुलत. रुळांशेजारी माणसं राहणार असतील तर प्लॉट लांबट आणि खोल हवेत, म्हणजे घर पुढे रस्त्याला लागून बसतं आणि मागे परसू उरतं, ते आवाज गिळतं. परसवाच्या मागे झाडांची दुहेरी ओळ. "आगगाडीकडे पाठ करून राहावं," ते म्हणत, "पण पाठ टेकवू नये." हायवेकडेही तसंच. हायवेवर कुणाचंही दार उघडू द्यायचं नाही. वेगात चाललेली गाडी आणि अंगणातून निघालेली सायकल यांची एकमेकांशी ओळख नसते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे सगळं ते हातवारे करत सांगायचे. पण रस्ता तुमच्याच दारात का संपतो, असं कुणी विचारलं की पट्टी खिशात घालून उठायचे. हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

नकाशा काढला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. रूळ आणि हायवे यांच्यामध्ये सापडलेली ती लांबुडकी जमीन साहेबांनी त्यांच्याकडे सोपवली होती. काकांनी तिच्यावर दोन महिने घालवले. नकाशा काढणाऱ्यांची एक रीत असते. आपली जमीन जिथे संपते तिथे रस्ता संपवायचा नाही. हद्दीपर्यंत नेऊन उघडा सोडायचा. आज पलीकडे शेत असेल, उद्या त्या शेताचाही कुणीतरी नकाशा काढेल, आणि त्याचा रस्ता येऊन आपल्या रस्त्याला मिळेल. कधी भेटणार नाही अशा माणसासाठी ठेवलेली ती जागा असते. काकांनीही दक्षिणेला रस्त्याच्या दोन रेघा हद्दीपर्यंत नेल्या आणि तशाच सोडल्या.

ट्रेसिंगच्या अर्धपारदर्शक कागदावर बोट ठेवून साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"पुढच्या जमिनीला जोड, साहेब."

"पुढे काय आहे?"

"शेत."

"मग शेतातल्या बैलांना फिरायला जायचंय का इकडे?" कार्यालय हसलं. साहेब हसले नाहीत. "इथे एक प्लॉट बसतो. रस्त्याच्या शेवटी गाडी वळायला गोल ठेव आणि बंद कर."

"साहेब, बाहेर पडायला फाटक एकच आहे."

"ते काय पळून चाललंय?"

काका जागेवर जाऊन बसले. त्या काळी ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडून काढत. ब्लेड आडवं धरायचं, कागद फाटू द्यायचा नाही, आणि मग ती जागा अंगठ्याच्या नखानं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई पसरते. हे काम काकांसारखं कुणालाच जमत नसे. दुपारपर्यंत दोन्ही रेघा गेल्या आणि तिथे एक चौकोन आला. त्यात त्यांनी सुबक आकड्यांत ३७ लिहिलं. त्याआधी ट्रेसिंगवरून काढलेली एक प्रत, अमोनिया प्रिंट, मात्र त्यांनी ठेवून दिली. पुढे कधी लागेल असा काही विचार त्यामागे नव्हता. पहिली प्रिंट ठेवायची त्यांची सवयच होती.

सगळे प्लॉट गेले, सदतीस नंबर राहिला. रस्त्याच्या नाकासमोरचं घर कुणालाच नको होतं. संध्याकाळ झाली की येणाऱ्या प्रत्येक गाडीचा उजेड थेट खिडकीत. वर्षभरानं साहेब म्हणाले, "तूच घे रे तो. पडेल त्या भावात देतो. तुझ्याच हातचा आहे." काका-काकू तेव्हा भाड्याच्या एका खोलीत राहत होते आणि काकूंना स्वतःचा ओटा आणि त्याच्यासमोर खिडकी, एवढंच हवं होतं. काकांनी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

घर झालं. काकूंचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, दक्षिणेच्या हद्दीला लागून. ओट्यासमोर खिडकी, खिडकीबाहेर शेत. सव्वीस वर्षं काकूंनी त्या खिडकीतून पिकं येताना-जाताना पाहिली. समोरच्या खोलीत गाड्यांचा उजेड येई म्हणून जाड पडदे लावले. काका मात्र संध्याकाळी पडद्याच्या आत पाठ करून बसायचे. गाडी आली की पडदा उजळायचा, काकांची सावली समोरच्या भिंतीवर मोठी व्हायची आणि गाडी वळली की पुसली जायची. काकू म्हणायच्या, "बाहेर बसा ना जरा." ते म्हणायचे, "इथे बरं आहे."

मग फाटकावर नोटीस लागली. गाड्या वाढल्या, वेग वाढला, फाटक धोक्याचं. पाच महिन्यांत ते कायमचं बंद होणार आणि पायी जाणाऱ्यांसाठी रुळांखालून भुयार होणार. अठ्ठावीस पायऱ्या उतरायच्या, अठ्ठावीस चढायच्या. गाडीचं काय, याबद्दल नोटिशीत एक अक्षर नव्हतं.

हेडमास्तरांच्या ओसरीवर बैठक बसली. हेडमास्तर वसाहतीचे अध्यक्ष, हायवेकडच्या ओळीत राहणारे. त्यांच्या पत्नीला आठवड्यातून दोनदा व्हॅनमधून दवाखान्यात न्यावं लागे, तिचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यायला. तिला दहा पावलं चालणं कठीण, पायऱ्या तर सोडाच.

"कठडा फोडा हायवेचा," एकजण म्हणाला.

"फोडा काय फोडा? घरची भिंत आहे? आत टाकतील."

"बरंच की. तुरुंगाच्या दारापर्यंत गाडी तरी जाते."

हसणं ओसरल्यावर हेडमास्तर काकांकडे वळले. "पट्टीकाका, नकाशा तुमचा. सगळं शहाण्यासारखं केलंत, मग या बाटलीला एकच तोंड कसं ठेवलंत?"

"मंजूर झाला तसा झाला," काका म्हणाले.

"नापास झालेली पोरं मला हेच सांगायची. पेपर तसा निघाला म्हणून."

काका हसले नाहीत. काकूंनी ते पाहिलं, पण त्यांना वाटलं, चारचौघांत बोललेलं लागलं असेल.

त्यानंतर आठवड्याभरात काकूंच्या खिडकीबाहेर एक मुलगी दिसू लागली. डोक्यावर मोठी टोपी, हातात मोजणीचा टेप. शेत विकलं गेलं होतं आणि तिथे प्लॉट पाडायचे होते. तिसऱ्या दिवशी काकूंनी खिडकीतूनच हाक मारली, "ए पोरी, उन्हात किती वेळ आमची भिंत बघणार आहेस? आत ये, पाणी पी."

टोपीवाली मागच्या दारानं आत आली. पाणी प्यायली आणि ओट्यावर नकाशा पसरून हसू लागली. "काकू, आमचा रस्ता कुठे येऊन थांबतो माहितीये? तुमच्या गॅसपाशी."

"अगंबाई! मग आत बोलाव की त्याला. चहा टाकते."

काका दारात येऊन उभे राहिले होते. मुलीनं त्यांनाही नकाशा दाखवला. पलीकडच्या जमिनीतून एक रस्ता दक्षिणेकडे जात होता, पुढे पुलाखालून हायवेच्या बाजूच्या रस्त्याला लागत होता आणि तिथून गावात. उत्तरेकडचं त्याचं टोक बरोबर या भिंतीपाशी उघडं सोडलेलं होतं.

"काका, तुमच्या वसाहतीचा जुना नकाशा मी पाहिला," ती म्हणाली. "ज्यानं काढला ना, त्याला काम येत होतं. झाडांची ओळ बघा, प्लॉटची खोली बघा, पाण्याचा उतार बघा. आणि शेवटी हे असं बूच मारलेलं. हे त्या माणसाचं वाटतच नाही."

काकूंनी मोठ्या अभिमानानं नवऱ्याकडे पाहिलं. आता ते सांगतील, मीच तो. काका म्हणाले, "हिला अजून पाणी दे."

मुलगी नकाशा गुंडाळत होती. "महिनाअखेरीला आमचा नकाशा मंजुरीला जाणार. पलीकडून जोड मिळाली तर रस्ता ठेव, नाहीतर तिथे प्लॉट काढ, असं आमचे साहेब म्हणतात. मला नाही काढायचा प्लॉट. पण पगार तेच देतात ना."

ती गेली. चहा तसाच राहिला.

पुढचे एकोणीस दिवस काका टेबलापाशी होते. कागद घेत, रूळ, हायवे, फाटक काढत आणि वाट शोधत. उत्तरेच्या टोकाला रूळ आणि हायवे इतके जवळ येत की मधून सायकलही जाईना. रुळांच्या कडेनं न्यावी तर जमीन रेल्वेची. छत्तीस नंबरच्या परसवातून न्यावी तर रस्ता दोनदा काटकोनात वळे, आणि वळणावर व्हॅन अडके. काकांनी पट्टी लावून पाहिलं, सव्वा मीटर कमी पडत होता. ते माप खोटं यावं म्हणून त्यांनी तीनदा मोजलं. प्रत्येक कागद फिरून सदतीस नंबरपाशीच येऊन थांबे. मग ते कागदाची घडी घालून टेबलाखाली टाकत आणि नवा घेत.

एकोणिसाव्या दिवशी ते भाजी घेऊन परतताना फाटकात अडकले. शेजारी हेडमास्तरांच्या पत्नीची व्हॅन उभी होती. फाटकवाला झेंडी काखेत मारून म्हणाला, "आणखी चार महिने. मग मला दुसरीकडे पाठवतील. तुम्ही कुठून जाणार हो?"

व्हॅनची काच खाली झाली. "पट्टीकाका, त्या भुयाराला पायऱ्या किती म्हणे?"

"अठ्ठावीस, वहिनी."

"उतरायला. आणि चढायला?"

"अठ्ठावीस."

"एक तरी कमी करायची होतीत." त्या हसल्या. मालगाडी आली. डबे संपेचनात. तेवढा वेळ दोघांना एकमेकांकडे बघत राहावं लागलं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर काकूंनी विचारलं, "त्या पोरीला सांगितलं का नाहीत, नकाशा तुमचा म्हणून? सांगण्याची संधी आजवर कधी सोडली नाहीत."

काका उठले. माळ्यावरून पत्र्याची लांब नळी काढली आणि आतली प्रिंट ओट्यावर पसरली. कडा पिवळ्या पडल्या होत्या. रेघा जांभळट, अजून स्पष्ट. एवढ्या वर्षांच्या संसारात काकूंना नकाशा वाचता येऊ लागला होता. फाटकापासून बोट सरकवत त्या रस्त्यानं खाली आल्या. पस्तीस. छत्तीस. बोट कागदाच्या कडेवरून खाली उतरलं.

"आपलं घर कुठंय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"इथे रस्ता होता."

काकूंनी ओट्यावर हात ठेवला. "म्हणजे सव्वीस वर्षं मी रस्त्यात उभी राहून स्वयंपाक करतेय?"

काका प्रिंटची पिवळी कड सरळ करत राहिले.

"कुणी खोडलं?"

"साहेबांनी सांगितलं."

"कुणी सांगितलं ते विचारत नाहीये."

"मी."

दोन दिवस त्या घरात भांड्यांचेच आवाज होते. काकूंनीच हे नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं, कुणाला काही कळू द्यायचं नाही. नकाशा मंजूर आहे, घर नावावर आहे. साहेब जाऊन दहा वर्षं झाली. ती नळी माळ्यावर राहिली तर कुणाला काय कळणार? दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. टोपीवाली पलीकडे चुन्यानं दोन रेघा आखत होती. रेघा भिंतीच्या दिशेनं आल्या, जवळ आल्या, आणि खिडकीच्या खाली दिसेनाशा झाल्या. काकूंनी सुरी खाली ठेवली आणि हेडमास्तरांकडे गेल्या. तासाभरानं परत आल्या.

"वहिनींना सांगून आले."

"काय सांगितलंस?"

"सगळं."

काकांनी टेबलाची कड धरली. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमचा ओटा किती चांगला आहे. इतक्यांदा तिथे बसून चहा प्यायले. गेला तर वाईट वाटेल." काकूंचा आवाज तेवढा एकदाच हलला. "ओरडली असती तर बरं झालं असतं. आता तुम्ही नाही गेलात तर मला तिच्यासमोर उभं राहता येणार नाही. गेलात तर ओटा जाईल. काहीही केलंत तरी जाणार माझंच. तेव्हा जाऊन या एकदाचे. आणि थांबा, घर दोघांच्या नावावर आहे. मलाही यावं लागेल."

महिन्याचे दोन दिवस उरले होते. नगररचना कार्यालयातल्या अधिकाऱ्यानं प्रिंट पाहिली, मंजूर नकाशा पाहिला आणि चष्मा काढला. "काका, मंजूर नकाशात इथे प्लॉट आहे. तुमचा आहे. कायद्यानं कुणी तुम्हाला हलवू शकत नाही. मग हा जुना कागद कशाला घेऊन आलात?"

"हा आधीचा आहे."

"आधीच्याला आता काय अर्थ?"

काकांनी मूळ ट्रेसिंग मागवली. शिपायानं धूळ झटकत ती आणली. काका ती घेऊन खिडकीपाशी गेले आणि उजेडासमोर धरली. सगळा कागद धुरकट दिसत होता, आणि ३७ या आकड्याभोवती दोन पांढुरके पट्टे, कागद पातळ झाल्यामुळे उजळलेले. रस्ता अजून तिथेच होता.

अधिकारी जवळ येऊन बघत राहिला. "खोडणाऱ्याचा हात चांगला होता. शाई जराही पसरली नाही."

"नखानं घासलंय," काका म्हणाले. "अंगठ्याच्या."

अधिकाऱ्यानं त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग खणातून एक छापील कागद काढला. प्लॉटमधली नऊ मीटर रुंदी रस्त्यासाठी सोडत असल्याच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. काकूंनी आपली सही दोनदा वाचून पाहिली, जशी काही ती दुसऱ्याच कुणाची होती.

प्लॉट बारा मीटर रुंद होता. नऊ रस्त्याला गेले, तीन उरले. काकांनी त्या तीन मीटरचा नकाशा काढला, आणि आमच्या माहितीप्रमाणे तो त्यांचा शेवटचा. तीन खोल्या, एकीमागे एक. जुनं घर पाडायला यंत्र आलं तेव्हा काकू हेडमास्तरांकडे बसल्या होत्या. काका मात्र उभे राहून बघत होते. ओट्याची भिंत पडली तेव्हा धुळीतून पलीकडचा रस्ता दिसला, सरळ, हायवेच्या पुलापर्यंत. त्यांनी खिशातून पट्टी काढली, थोडा वेळ हातात धरली. मग उगाच इकडेतिकडे बघून परत ठेवली. मोजण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही रस्ते रेघेत रेघ मिळून आले होते.

फाटक ठरल्या दिवशी बंद झालं. वहिनींची व्हॅन आता दक्षिणेकडून जाते आणि काकांच्या दारासमोर एकदा हॉर्न वाजवते. तो रामराम आहे की आठवण, हे काकांना कधी ठरवता आलं नाही. वसाहतीतल्या काहींनी त्यांचे हात हातात घेतले. काहींनी म्हटलं, सव्वीस वर्षं फाटकात उभं केलंत आम्हाला, आणि बोलणं सोडलं. हेडमास्तरांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. ते येतात, बसतात, पेपर वाचतात आणि जातात.

रस्ता उघडा झाला, पण काका त्यावरून फारसे कुठे गेले नाहीत. मधल्या खोलीत बसतात. एका बाजूची भिंत छत्तीस नंबरची, दुसऱ्या बाजूला रस्ता. हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात लागत नाहीत, त्यांनी मोजलंय. दिवसभर गाड्या जातात, आणि गाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरतात. रुळांवरून गेली तरी आणि रस्त्यावरून गेली तरी.

काकूंचा नवा ओटा अरुंद आहे. त्याला खिडकी आहे, पण समोर शेत नाही, रस्ता आहे. परवा चहा देताना त्यांनी लांबच लांब घराकडे एकदा टोकापासून टोकापर्यंत पाहिलं.

"शेवटी आगगाडीच्या डब्यात बसवलंत मला," त्या म्हणाल्या. "आता हा सुटणार कधी, तेवढं सांगा."

काकांनी कप खाली ठेवला आणि खरंच विचार करू लागले.